हिरवे ठिपके

स्क्रीनवर सकाळपासून सगळे ठिपके हिरवे आहेत आणि मला खुर्चीत बसवत नाही.

एकेक ठिपका म्हणजे आमच्या कॉलेजच्या एकेका इमारतीतला नेटवर्कचा स्विच, तिथले संगणक जोडणारं यंत्र; हिरवा म्हणजे ठीक चालू. पूर्वी नवा स्विच आला की लॅपटॉप मांडीवर घेऊन मी त्याच्यापुढे तासभर स्टुलावर बसायचो, त्याला सगळं शिकवायचो. आता कुणीही नुसती वायर खोचली की स्विच आपली माहिती मुख्य सर्व्हरकडून स्वतःच मागून घेतो. बिघाडही मी इथूनच दुरुस्त करतो. हेच तर हवं होतं. ही यंत्रणा घ्यावी म्हणून अर्ज मीच लिहिला होता.

तरी दुपारी किल्ल्या उचलल्या आणि वनस्पतिशास्त्र विभागात गेलोच. प्रयोगशाळेतल्या शेवंताबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"काय बिघडलं, सर?"

"काही नाही."

"मग कसं काय येणं केलंत?"

मी भिंतीवरची पेटी उघडली, तर स्विचच्या पंख्याची जाळी धुळीनं पार बुजलेली, वरचा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापलेला. बाईंनी न मागता फडकं आणून दिलं. मी सावकाश सगळं पुसलं.

परत येऊन स्क्रीन पाहिली. तो ठिपका धुळीत होता तेव्हाही इतकाच हिरवा होता.

गावाहून आईही रोज फोनवर "मी बरी आहे" एवढंच सांगते, आणि दिवाळीनंतर मी तिकडे गेलेलो नाही.