माफीचा फुकट खेळ

नामांतराच्या दंगलीनंतर आमच्या गावात शांतता समिती स्थापन झाली. समितीत बहुतेक तीच माणसं होती ज्यांना अशांततेचा प्रत्यक्ष अनुभव होता. अध्यक्ष अर्थातच सरपंच. त्यांनी सेलूच्या टॉकीजमधला दुपारचा खेळ गावासाठी ठरवला आणि दोन ट्रॅक्टर भरून आम्हांला नेलं.

पिक्चर जुन्या काळच्या लढाईचा होता. दोन जिवलग मित्र, दोन फौजा. तेच सहा घोडे फिरून फिरून येत होते. एक मित्र दुसऱ्याचं गाव जाळतो, मग देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत तसं कबूल करतो आणि दुसरा त्याला जवळ घेतो. सरपंचांनी उपरण्यानं डोळे पुसले. जाळपोळीचं त्यांना नेहमीच वाईट वाटे; फक्त ती पडद्यावर असली तर.

माझा बालमित्र माझ्यापासून चार रांगा पुढे बसला होता. दंगलीत त्याचं घर जळलं होतं. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'चुलीतल्या निखाऱ्याने आग लागली.' खाली पंच म्हणून माझी सही होती. त्या दिवशी त्याच्या घरची माणसं सकाळपासून खुरपायला गेली होती आणि तो स्वतः माझ्याजवळ शाळेत बसला होता. चूल थंड होती हे मला माहीत होतं. पण मी शाळामास्तर, आणि बदली सरपंचांच्या एका शब्दावर होत असे.

खेळ संपल्यावर सरपंचांनी आम्हां दोघांना पडद्यासमोर बोलावलं, हार घातले आणि माइकवर सांगितलं, "आता मित्रांची गळाभेट!"

मित्र हलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "गळ्यात पडतो की. आधी सांग, त्या दिवशी माझ्या घरात चूल पेटली होती का?"

"आरं, झालं गेलं," सरपंच म्हणाले. "आत्ताच पिक्चर बघितलास ना?"

"बघितला. त्यात जाळणारा आधी कबूल करतो. माफी मंग येते. तुमी मधलं रीळ कापून आणलंत." मग मला, "गप का बसायलास, गड्या?"

सरपंचांनी घाईनं राष्ट्रगीत सुरू केलं. सगळे सावधान उभे राहिले. तोंड न उघडण्याचं इतकं सन्मान्य कारण मला पुन्हा कधी मिळालं नाही.

राष्ट्रगीत संपलं. माइक माझ्यासमोरच होता. मित्र थांबला होता. लोक चपला शोधायला लागले तरी तो थांबला होता. शेवटी त्यानं हार काढून खुर्चीवर ठेवला आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं निघून गेला.

परतताना ट्रॅक्टरमध्ये त्याची जागा रिकामी होती. तिथं सरपंचांनी पाय पसरले.

"लय मनात धरतो तो," ते म्हणाले. "माणसाला माफ करता आलं पाहिजे, मास्तर."

मी मान डोलावली. हार अजून माझ्या गळ्यातच होता.