शेजार परत मिळणेबाबत
अर्जदार, उदगीरची एक एकटी म्हातारी. गैरअर्जदार, कोणीही नाही. साक्षीदार, प्रस्तुत अर्जलेखक, ज्याच्या मसुद्यात कचेरीला आजवर खोट काढता आलेली नाही. काल लखोट्यावर लाख लावताना तिचा जळका वास आला व ती बाई आठवली, कारण तिच्या भिंतीपलीकडे लाखेच्या बांगड्या करणारे मुसलमान कुटुंब राहत असे. ते घर विकून दूरच्या मोहल्ल्यात गेले. त्यांना परत आणावे, असा अर्ज तिला हवा होता. "मावशी, गल्लीत आता सगळे आपलेच आहेत ना?" मी समजावले. "हाव, म्हणूनच तर. माझ्या दिवाळीला त्या बांगडीवालीच्या घरी ताट जायचं, तिच्या ईदेला माझ्याकडं शिरखुर्मा यायचा. आता समद्यांची दिवाळी एकाच दिवशी. कोण कुणाच्या दारात येनार?" "पण अर्ज कोणाच्या नावे करू?" "ते मला काय इचारता? शिकलेले मानूस तुमी." मी तो तहसीलदारांच्या नावे सविस्तर लिहिला. उत्तर आले नाही आणि अर्जदार मयत झाली. पत्नीच्या पश्चात मी नव्या कॉलनीत राहतो; तेथेही सर्वांचा सण एकच असून यंदा माझे फराळाचे ताट घरातच राहिले. सबब, मयत अर्जदाराच्या जागी माझे नाव लावून प्रकरण पुढे चालवावे व लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.