अनंतरावांचा कान आणि गाडीची फुसफुस

आमच्या वारज्याच्या सोसायटीत अनंतरावांशी कुणी फार वेळ बोलत नाही. गृहस्थ वाईट नाहीत, पण आपण बोलत असताना ते भलतंच काहीतरी ऐकत असतात. "दिगंबरराव, तुमच्या पंख्याचं बेअरिंग जातंय," असं ते मला माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला, पंगतीत म्हणाले होते. पुढे तो पंखा खरंच बंद पडला, याचा मला जास्त राग आला. टेलिफोन खात्यात त्यांनी सगळी नोकरी तारांवरची खरखर ऐकून बिघाड शोधण्यात घालवली. निवृत्त ते झाले, त्यांचा कान झाला नाही.

त्याच कानावर गेल्या हिवाळ्यात संशय आला. त्यांची डिझेल गाडी जोर घेताना फुसफुसते, असं ते म्हणू लागले. नळाला पाणी येण्याआधी हवा सुटते ना, तसा आवाज. दोन गॅरेजवाल्यांनी गाडी उभी करून इंजिन रेस केलं, काही नाही. कानाच्या डॉक्टरांनी या वयात कानात असे आवाज होतात म्हणून सांगितलं. मग मुलगी नीरजा स्पष्टच बोलली, "बाबा, आवाज गाडीत नाहीये, तुमच्या कानात आहे. आता आपल्या नेहमीच्या मेकॅनिकला, मच्छिंद्रलाही सापडला नाही, तर किल्ली माझ्याकडे द्यायची." अनंतराव एरवी शब्दाला शब्द देणारे. त्या दिवशी नुसते "बरं" म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

साक्षीदार म्हणून नीरजाने मला बरोबर पाठवलं. मागे कुसुमताई, अनंतरावांच्या पत्नी. नवऱ्याला त्या एकट्याला गाडी नेऊ देत नाहीत. चांदणी चौकाच्या चढावर अनंतरावांचे प्रयोग सुरू झाले. काचा वर, काचा खाली, दुसरा गिअर, तिसरा गिअर. "सपाटीवर नाही, उतारावर नाही. चढावर पाय दाबला की येतो. का बरं?" किल्ली जायची वेळ आली होती आणि या माणसाला कुतूहल सुचत होतं! मी कान टवकारले. मला ट्रक ऐकू आले.

हायवेलगतच्या गॅरेजमध्ये मच्छिंद्रनेही गाडी उभी करूनच इंजिन रेस केलं. "काका, काय बी नाय. झ्याक हाय गाडी."

"उभ्या गाडीत नाहीच येणार," अनंतराव म्हणाले. "इंजिनावर भार पडला की टर्बो हवा जास्त दाबाने ढकलतो. एखादी चीर असेल, तर ती तेव्हाच उघडत असेल. एरवी मिटलेली. तो रबरी पाइप काढून बघू या का?"

मच्छिंद्रला हे पटलं. पाइप काढायला तो वाकला आणि त्याने आधी पाइपाला बांधलेली एक गंजकी तार सोडवून अनंतरावांच्या हातात ठेवली. तारेत ओवलेलं लिंबू वाळून काळं पडलं होतं, मिरच्यांचे देठच उरले होते. मी हसलो. दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली तर अनंतराव त्या घरी चहाही घेत नाहीत, आणि ती त्यांच्याच बॉनेटखाली! ते मात्र हसले नाहीत. गाडीत बसलेल्या कुसुमताईंकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि तार खिशात घातली. कुसुमताई रस्त्याकडे बघत होत्या.

मच्छिंद्रने पाइपचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली आणि पाइप पंक्चरच्या टबात बुडवला. जिथे तार घासत होती, तिथूनच बुडबुडे आले. अनंतराव टबावर ओणवे झाले. "म्हणजे आवाज होता," ते म्हणाले. डोळे पुसले आणि पुन्हा बुडबुडे बघत राहिले. नवा पाइप बसवून आम्ही परत तोच चढ चढलो. गाडी गप्प होती.

घरी नीरजा वाटच बघत होती. मी सगळं सांगितलं, तार सोडून. ती काही माझी गोष्ट नव्हती.

"पण पाइप फाटला कशाने?"

"एक तार घासत होती," अनंतराव म्हणाले. "मीच बांधली असेन कधीतरी. आठवत नाही."

"बघा! आता स्वतः केलेलंही आठवत नाही," असं म्हणून नीरजाने हात पुढे केला. मी खुर्चीत चुळबुळलो. अनंतरावांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. ज्या माणसाने टेलिफोन खात्यातल्या साहेबालाही त्याची चूक तोंडावर दाखवून दिली, तो बायकोसाठी सरळ खोटं बोलला होता.

"ती दे त्यांना परत," कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "लिंबू-मिरची मी बांधली होती. सत्तरी उलटली तरी हे हायवेला गाडी घालतात, मला भीती वाटते. बाहेर बांधली असती तर यांनी उपटून टाकली असती. कान त्यांचे चांगले आहेत. सगळे त्यांना बहिरं-खुळं ठरवत होते, तेव्हाही आवाज मला रोज ऐकू येत होता. पण तो माझ्या तारेमुळे असेल, हे देवाशपथ माहीत नव्हतं."

"तुला ऐकू येत होता? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही गाडी चालवतच राहिला असता."

नीरजाने किल्ली परत दिली. अनंतराव ती हातात धरून बायकोकडे बघत राहिले. रागावतील असं मला वाटलं. पण ते कुसुमताईंजवळ गेले आणि त्यांनी विचारलं, "नेमका कसा ऐकू यायचा गं? सुरुवातीला बारीक, आणि मग मोठा?"