निरोप

इथे बर्लिनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक मराठी काका मुलाकडे राहतात. नातवंडं त्यांच्याशी जर्मनच बोलतात. मी पाहुण्यांना पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या छावणीच्या टूरला नेतो, तेव्हा काका हटकून बरोबर येतात. जर्मन येत नाही, तरी गाइडच्या प्रत्येक वाक्याला ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणत मान डोलावतात.

कैद्यांना उतरवायचे तो गंजका रूळ ओलांडला की दफनभूमी लागते. तिथे कैदेत वारलेल्या हिंदुस्थानी शिपायांच्या नावांचे दगड आहेत. परवा सगळे बसकडे वळले, तेव्हा काका कडेच्या दगडापाशी वाकून म्हणाले, “येतो हं.”

“काका, अशा जागी ‘येतो’ म्हणत नाहीत.”

“माहितेय रे. पण मग याच्याकडे येणार कोण?”

घरी परतल्यावर जिन्यात मी सवयीनं, ‘येतो’ न म्हणता, “बाय, काका” म्हटलं.

“गेनाऊ, गेनाऊ,” म्हणत त्यांनी मान डोलावली.