सात वर्षांनी त्याच स्टेंटमध्ये

"गुठळी जुन्या स्टेंटमध्येच झाली आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "रक्त पातळ करायची गोळी रोज चालू होती ना?"

लातूरच्या दवाखान्यात कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या वाहिन्या तपासायच्या खोलीच्या, दाराशी आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे धाकटे दीर अंकुश. आत टेबलावर माझे यजमान दिगंबर होते. माझ्या आधी भाऊजीच बोलले. "चालू हाय की. सात वर्षं झाली, एक दिस चुकवली न्हाई."

ते खरं नव्हतं. गोळी बारा दिवस बंद होती आणि बंद करायला मीच सांगितलं होतं.

आम्ही धारूरचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यांचा सीताफळांचा व्यापार. हंगामात डोंगरातल्या वस्त्यांवरून माल गोळा करायचा आणि गाडी भरून बाहेरगावी पाठवायची. सात वर्षांपूर्वी यांना पहिला झटका आला, तेव्हा हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. स्टेंट म्हणजे बारीक तारेच्या जाळीची नळी. ती वाहिनी उघडी धरून ठेवते. पुढं सगळं इतकं सुरळीत चाललं की आत काही बसवलंय हेच आम्ही विसरलो.

यंदा यांची दाढ किडली. दाताच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "गोळी मनानं बंद करू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा." मी दोनदा फोन लावला, लागला नाही. दाढी करताना जरा कापलं तरी यांचं रक्त लवकर थांबत नसे, तेच माझ्या डोळ्यांसमोर होतं. म्हटलं, पाच दिवस नका घेऊ. दाढ निघाली, सूज राहिली आणि पाचाचे बारा दिवस झाले.

तेराव्या दिवशी सकाळी क्रेट उचलता उचलता हे खाली बसले. सदरा घामानं भिजला होता. "छातीवर कुणी बसल्यावानी हाय," एवढंच म्हणाले. अंबाजोगाईला ईसीजी काढला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. कळ कमी होईना, म्हणून तिथून लातूर. अँब्युलन्समध्ये मी पूर्ण वेळ यांच्या नखांकडे बघत होते. ती निळी पडताहेत असं मला सारखं वाटत होतं.

आणि आता मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बंद होती," मी म्हणाले. "बारा दिवस. मी सांगितलं म्हणून."

भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमी तर शिकलेल्या." ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मॅडम रागावल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "गुठळी बरीचशी ओढून काढली आहे, रक्त वाहायला लागलंय. पण ती तिथंच का झाली हे कळल्याशिवाय मी आत दुसरा स्टेंट घालणार नाही. अँजिओग्राफीत वाहिनीतल्या रक्ताची सावली दिसते. भिंत दिसत नाही. आतून बघावं लागेल."

त्या तपासणीला ओसीटी म्हणतात. एक अगदी बारीक नळी वाहिनीत सरकवतात, तिच्या टोकाकडून प्रकाश सोडतात, आणि काकडीच्या चकत्या कापाव्यात तशी वाहिनीची आतली चित्रं मिळतात. त्यासाठी अँजिओग्राफीत वापरतात ते डायचं औषध आणखी वाहिनीत सोडावं लागतं आणि मूत्रपिंडावर थोडा ताण येऊ शकतो, हेही मॅडमनी सांगितलं. मी सही केली. सही माझी वाटत नव्हती.

मग वाट बघणं. यांच्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणीतरी माझ्या मांडीवर ठेवल्या होत्या. खिडकीपाशी भाऊजी उमापूरला माझ्या नणंदेशी फोनवर बोलत होते. "गोळी बंद केलती. वहिनीनंच," हे मला स्पष्ट ऐकू आलं. तिकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण ते मी मनातल्या मनात शंभर तऱ्हांनी ऐकलं. आत एकदा यंत्राची घंटी वाजली, दोन माणसं पळत गेली. मी उठून उभी राहिले. उभं राहून करायचं काय, ते कळेना.

अर्ध्या-पाऊण तासानं मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं आणि पडद्यावर एक गोल दाखवला. "ही वाहिनीची भिंत. हे चमकणारे ठिपके म्हणजे स्टेंटच्या तारा. त्या भिंतीला चिकटलेल्या असायला हव्यात, आणि त्यांच्यावर पातळ साय धरायला हवी. बहुतेक जागी तसंच आहे. आता इथं बघा."

एका बाजूला चार-पाच ठिपके भिंत सोडून मध्येच लोंबकळत होते. त्यांच्या मागं काळी फट होती, आणि उरलेली गुठळी नेमकी तिथंच धरून बसली होती.

"याला मालअपोझिशन म्हणतात. तार भिंतीला टेकलेली नाही. ती पहिल्यापासून अशी होती, की भिंत नंतर मागं सरकली, हे आजच्या चित्रावरून सांगता येणार नाही."

भाऊजींनी विचारलं, "मंग गोळीमुळं न्हाई झालं?"

मी पडद्यावरून नजर काढून मॅडमकडे बघितलं.

"गोळी बंद केल्यानं निमित्त झालं असणार," मॅडम म्हणाल्या. "पण जागा आधीपासून धोक्याची होती. गोळी चालू असती तर झालंच नसतं, असंही मी छातीठोक सांगणार नाही. आता मोठा फुगा फुगवून या तारा भिंतीला दाबते. नुसता दुसरा स्टेंट घातला असता तर ही फट मागं तशीच राहिली असती."

फुगा फुगवल्यावर त्यांनी पुन्हा ओसीटी केली. सगळे ठिपके भिंतीला टेकले होते. दुसरा स्टेंट लागला नाही.

तिसऱ्या दिवशी आयसीयूत मी यांना सगळं सांगून टाकलं. यांनी माझ्याकडे मान वळवली.

"तू सांगितलंस. पण मी का लेकरू हाय? गोळी न खाणारं तोंड माझंच हुतं."

भाऊजी पलंगाशीच उभे होते. जरा वेळानं ते बाहेर गेले आणि दोन कप चहा घेऊन आले. एक माझ्यापुढं धरून म्हणाले, "घ्या वहिनी. सकाळपासून कायच न्हाई खाल्लं तुमी."

स्टेंट असलेल्यांच्या घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की गोळीचा निर्णय घरात घेऊ नका. फोन लागला नाही तर गाडी करून जा. आणि जुन्या स्टेंटमध्ये गुठळी झालीच, तर ती का झाली हे आतून बघता येतं का, ते डॉक्टरांना विचारा.

मॅडमनी मला माफी दिली नाही, की दोष दिला नाही. जे दिसलं ते दाखवलं, त्याबद्दल मी त्यांची जन्मभराची ऋणी आहे. आता गावात कुणी विचारतं, "बाई, कावून झालं ओ मालकांना असं?" तेव्हा मी तारांची ती फट सांगते, आणि बारा दिवसही सांगते. आधी बारा दिवस सांगते.