मापाच्या चिठ्ठ्या नव्या खात्यात

बाबा भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा परत करायच्या वस्तूंच्या यादीत कारखान्याने दिलेलं सिमकार्डही होतं. घरातल्या फोटोंचं खातं त्याच नंबरावर उघडलेलं होतं. पासवर्ड विसरला, फोन बदलला, की कोड तिथेच यायचा. नंबर गेला तर खातं कधी हातून जाईल हे सांगता येत नव्हतं, म्हणून नवं खातं काढून फोटो तिकडे न्यायचं ठरलं. जुन्याच खात्याला दुसरा नंबर जोडता आला असता, हे मला सगळं होऊन गेल्यावर कळलं. काम माझ्याकडे आलं, कारण मी वर्तमानपत्रात आहे आणि दिवसभर संगणकासमोर बसतो. घरच्यांना एवढी पात्रता पुरेशी वाटली.

खातं एक होतं आणि फोन तीन: बाबांचा, आईचा आणि काकूचा. काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. ती भिलाईतच, कोहक्याला राहते आणि ब्लाउज शिवते. तिला फोन घेऊन दिला तेव्हा वेगळं खातं काढायचा मी कंटाळा केला आणि बाबांचंच टाकलं. रेशनकार्ड एक असतं तसं हेही एक, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. तिचा फोन सारखा भरायचा. ती हुडको वसाहतीत आमच्या घरी आली की मी जागा मोकळी करायचं बटण दाबून द्यायचो. फोनमधले फोटो जायचे, खात्यातले राहायचे. याचा अर्थ तिचे फोटो फक्त खात्यातच उरलेले आहेत, हे मला माहीत होतं. स्थलांतर करताना ते लक्षात आलं नाही.

जुन्या खात्यातले फोटो मोठमोठ्या गठ्ठ्यांत उतरले. पहिले काही गठ्ठे मी न उघडता नव्या खात्यात चढवले. नवं खातं भराभर भरू लागलं, तेव्हा उरलेल्यांची निवड सुरू केली. लग्नं, बारशी, मैत्रीबागेतल्या सहली, आईच्या कुंड्या ठेवल्या. मध्ये मध्ये कापडाचे फोटो येत होते, आणि प्रत्येक कापडामागे एका चिठ्ठीचा फोटो, तिच्यावर सात-आठ आकडे. कापड, चिठ्ठी, कापड, चिठ्ठी. चुकून दाबलेला कॅमेरा असावा असं समजून मी ते सगळे काढले आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. त्यानंतर बाबा सिमकार्ड परत करून आले.

चार दिवसांनी मी तिन्ही फोनांवरचं आणि माझ्या संगणकावरचं जुनं खातं काढून नवं टाकलं, आणि दुसऱ्याच दिवशी काकूचा फोन आला.

"बाबू, माह्या बायांची मापं कुठं गेली?"

"कोणती मापं?"

"चिठ्ठ्यांचे फोटो. रोज पाहतो ना मी. आज जागेवर एकबी नाई दिसून राहिला."

मी कोहक्याला गेलो. तिच्या कपाटात कापडांच्या घड्या होत्या, प्रत्येकीला टाचणी लावलेली. लग्नसराई तोंडावर आली होती. काकूची पद्धत मी पहिल्यांदा नीट ऐकून घेतली. बाई कापड घेऊन येते. काकू कापडाचा फोटो काढते, मग माप घेऊन चिठ्ठीचा फोटो काढते आणि चिठ्ठी फाडून टाकते. चिठ्ठीवर नाव नसतं.

"नाव कावून नाई लिहीत?" मी विचारलं.

"नाव लिहिलं तर बाई म्हणते, माहं माप कोणाकोणाले दाखवतेस? एकीनं कापड वापस नेलं होतं."

कापडावरून बाई तिला आठवते आणि कापडामागे चिठ्ठी असते. तिची सगळी वही म्हणजे तो क्रम होता.

नव्या खात्यात पाहिलं तर न उघडता चढवलेल्या गठ्ठ्यांतून साठेक चिठ्ठ्या आल्या होत्या. पण क्रम मोडला होता. काहींना मूळ तारीख होती, काहींना मी फोटो चढवले त्या दिवसाची. असं का झालं, मला सांगता आलं नाही. कापडं एकीकडे आणि चिठ्ठ्या दुसरीकडे गेल्या होत्या. काही चिठ्ठ्यांचं कापडच नव्हतं.

आम्ही लावायला बसलो. फोन माझ्या हातात होता, पण काकूने पडद्यावर हात ठेवला.

"तू आकडे नोको पाहू. फक्त सरकव."

"न पाहता कसं सरकवू?"

"तिकडं पाहून सरकव."

मी भिंतीकडे पाहून बोट फिरवत राहिलो आणि ती आकडे पुटपुटत राहिली. दंड चौदा, ही बँकेतली. मुंढा साडेसोळा, ही असंल का? नाई. मग ती पुढे सरकवायला सांगायची. ज्या बाया भिलाईतच होत्या त्यांना तिने फोन लावले. पुन्हा माप द्यायला कोणी तयार नव्हतं. "पुराना वाला ही रखो ना भाभी," असं एक म्हणाली. दुसरीने विचारलं, मागच्या वर्षापेक्षा जाड दिसते असं कोणी सांगितलं का. तरी एकेक करून बऱ्याच जणी आल्या आणि कुरकुरत मापं देऊन गेल्या.

अडलं ते एका नवरीपाशी. सेक्टर दोनच्या एका क्वार्टरमधली मुलगी, नोकरीला बंगळूरला. दिवाळीत आली तेव्हा माप देऊन गेली होती आणि आता लग्नाच्या दोन दिवस आधी पोचणार होती. शालू तिच्या आजोळहून, भंडाऱ्याहून आलेला, त्याचा ब्लाउजपीस एकच. चुकला तर दुसरा मिळणार नव्हता. हे काम बिघडलं तर त्या रस्त्यावरच्या एकाही घरातून कापड येणार नाही, असं काकू म्हणाली. ती हे भांडल्यासारखं म्हणाली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

नवरीच्या असू शकतील अशा तीन चिठ्ठ्या काकूने खात्यातच वेगळ्या अल्बममध्ये काढल्या; तिथे त्या तारखेच्या क्रमाने लागल्या. मग मुलीला व्हिडिओ कॉल केला. तिच्याकडे टेप नव्हता. तिने चार्जरच्या वायरीने माप घेतलं, वायर पट्टीवर ठेवून आकडे सांगितले. ते तिन्ही चिठ्ठ्यांपैकी कोणत्याच चिठ्ठीशी जुळले नाहीत.

"अंगावर स्वेटर हाय तिच्या," काकू म्हणाली. "आन वायर ताणली का ढिली, कोणाले माहीत?"

आता तीनच्या चार शक्यता झाल्या. मी सुचवलं की चारींची सरासरी काढू.

"सरासरी बाई असते का रे कुठं?"

मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या खात्यातल्या तारखा दुरुस्त करत बसलो. फायलींच्या नावांत काही आकडे होते, त्यावरून क्रम लागेल असं वाटलं. काही फोटो पुढे सरकले, काही मागे गेले. दुरुस्ती होते आहे की गोंधळ वाढतो आहे, याची खात्री करायला जुनं खातं हवं होतं, हे तेव्हा कुठे सुचलं. तिथे शिरायला गेलो तर कोड मागितला, आणि तो परत केलेल्या नंबरावर गेला.

त्याच दिवशी काकूने कापड कापलं. आत शिवणीला नेहमीपेक्षा जास्त कापड सोडलं, एवढं तिने मला फोनवर सांगितलं.

नवरी आली त्या दिवशी दुपारी मी काकूला स्कूटरवर सेक्टर दोनला नेलं. मांडवाचे बांबू रस्त्यावरच पडले होते. मला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि आतलं दार लागलं. नवरीची आई चहा देताना म्हणाली, "दादा, मापं तुमच्या खात्यात होती म्हणे?"

"बाबांच्या," मी म्हणालो. एवढ्याने काही सुधारलं नाही. मी आकडे पाहिले नाहीत, असंही सांगणार होतो, पण न विचारता ते सांगणं बरं दिसलं नसतं.

आतून मुलगी म्हणाली, "चाची, एकदम सही है." काकू हात वर करायला सांगत होती, वळायला सांगत होती, बसून दाखव म्हणत होती. शेवटी दार उघडलं. तिच्या तोंडात टाचण्या होत्या, एकही वापरावी लागली नव्हती.

परतताना मी विचारलं, "तिन्हींतली कोणती चिठ्ठी घेतली?"

"पहिली. दोन बाया आदल्या संध्याकाळीच कटल्या होत्या ना, मधली बंगाली मास्तरीण निघाली, शेवटची कॅम्प वस्तीतली. रायली पहिली."

"कापलं कधी?"

"सकाळी. आठ वाजता."

मी तारखा दुरुस्त करायला बसलो होतो सात वाजता. साडेसातला फोटो जागेवरून हलले होते, तिच्या फोनवरही. आठ वाजता पहिली असलेली चिठ्ठी आदल्या संध्याकाळी पहिली होती की नाही, मला ठाऊक नव्हतं. हे मी तिला स्कूटर चालवतच सांगितलं. तिने मांडीवरची पिशवी सावरली.

"बसलं ना तिले?"

"बसलं."

"मंग तिचंच."

कोहक्याच्या वळणावर ती पुन्हा म्हणाली, या खेपेला जरा हळू, "तिचंच असंल."