कडबोळ्याचा आवाज

कानांनी फराळ करणारा आमच्या साडूंसारखा दुसरा माणूस मुलुंडपासून मढपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. चकली, शेव, कडबोळं यांची चव जिभेला कळते हे त्यांना कधी मान्यच नव्हतं. "जीभ भोळी असते हो," ते म्हणायचे. "जरा तिखटमीठ लागलं की खूश. खरं काय ते कान सांगतात." आणि त्यांच्या कानांचा निकाल वर्षानुवर्षं एकच होता: कडबोळं पहिलं, बाकी सगळे नापास.

मी हिशेबी माणूस. भाजणी एक, तेल एक, कढई एक. मग साच्यातून वेढे पाडले काय आणि हाताने वळी करून तिची टोकं जोडली काय, फरक पडावा कुठून? हे मी त्यांना एकदा विचारलं. उत्तर म्हणून त्यांनी माझ्या कानापाशी कडबोळं मोडलं. "ऐकलंत? एकदाच बोलतं, पण मुद्द्याचं बोलतं. चकली म्हणजे नुसती बडबड, शेवटच्या वेढ्यापर्यंत वाक्य पुरं होत नाही. आणि शेव? शेव म्हणजे कुजबूज हो!" हाच प्रयोग त्यांनी कचेरीतल्या दिवाळीच्या चहाला मागून जाऊन साहेबांच्या कानाशी केला होता. साहेबांचा चहा त्यांच्याच विजारीवर सांडला. "पण दचकले ना?" साडू अभिमानाने सांगायचे. "चकलीला दचकलेला माणूस दाखवा मला!"

दिवाळीत त्यांच्या मुलुंडच्या बिऱ्हाडी जायचं म्हणजे शिस्तीत जावं लागे. बशी पुढे आली की शेजाऱ्यांना रेडिओ हळू करायची विनंती जाई आणि स्वयंपाकघरातला घरघरणारा स्टोव्ह विझवला जाई. चहा मागाहून. पाहुण्यांनी गप्प बसून खायचं. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, रेशनच्या तांदळाच्या भाजणीचीसुद्धा अशी काही कडबोळी करत की गप्प बसणं जड जात नसे. पोळपाटावर वळी करून, तिचं कडं वळवून, टोकं चिमटीत दाबायला त्यांना खाली बघावं लागत नसे. साडू कडबोळ्याचा आवाज ऐकत आणि ताई दारात उभ्या राहून साडूंचा चेहरा बघत.

मग एका वर्षी ऐन गणपतीत ताई मोरीत घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. दिवाळीच्या आधी प्लास्टर निघालं, पण बोटं पूर्वीसारखी वळेनात. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या पोळपाटापुढे बसल्या होत्या. वळी मध्येच तुटत होती, टोकं जुळत नव्हती.

"ताई, राहू दे गं, मी करून पाठवते," माझी बायको म्हणाली.

ताईंनी पिठावर ताट झाकलं. "पाठव. माझ्या हातचं तेवढं एकच त्यांना लागायचं, तेही गेलं."

बाहेरच्या खोलीतून साडू तडक आत आले. "कडबोळी? कोणाला हवीत कडबोळी? किती दिवस सांगीन सांगीन म्हणत होतो. कडबोळं एकदा कट् म्हणतं की संपलं, मख्ख माणसासारखं! चकली बघ, शेवटच्या वेढ्यापर्यंत गप्पा मारते. आण तो साचा. मी दाबतो, तू तळणीवर लक्ष ठेव."

मला हे पटणं शक्य नव्हतं. "अहो, गेल्याच दिवाळीत तुम्ही..." मी सुरुवात केली.

"तुम्ही जरा बाहेर बसा बघू," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांकडे पाहून मी बाहेर बसलो.

साडूंनी पाडलेली एकही चकली गोल नव्हती. काही तर दाराच्या कडीसारख्या झाल्या होत्या. त्या बघून ताई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांच्या घरी चकलीच होते, आणि साडू तिची तीच स्तुती दरवर्षी तितक्याच जोरात करतात.

गेल्या दिवाळीत दोघं आमच्याकडे घाटकोपरला आली होती. शेजारच्या बिऱ्हाडातून फराळाचं ताट आलं, त्यात कडबोळी होती. बहिणी आत गेल्या. साडूंनी दाराकडे पाहिलं, एक कडबोळं उचललं, आणि कानाशी न मोडता अख्खं तोंडात ठेवलं. चावेनात. गाल फुगवून नुसते बसले.

"काय झालं?" मी विचारलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या दाराकडे खूण केली.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो, चहाचं आधण ठेवलं आणि स्टोव्ह पेटवून जोरजोरात पंप मारू लागलो.

"अगंबाई, आज तुम्ही आणि स्टोव्ह?" बायको म्हणाली.

ताई काही क्षण दाराकडे बघत होत्या. मग मान खाली घालून, डाव्या हाताने उजवं मनगट चोळत हळूच म्हणाल्या, "आणखी थोडा पंप मारा. कडबोळं ते सावकाश खातात."

मी मारला. चहा त्या दिवशी फार उकळून कडू झाला होता. चौघांनीही तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.